परदेशी स्पर्धेची प्रवेशिका भरण्यापूर्वी

तरुण शास्त्रीय कलाकारांच्या परदेशी स्पर्धेचे निमंत्रण आले की सांगली-मिरजेतील मंडळांची पहिली बैठक कोणाला पाठवायचे यावरच संपते. पाठवणे जमेल का यावर ती व्हायला हवी आणि तीत पहिला प्रश्न साथीदाराच्या पासपोर्टचा निघायला हवा. गाणाऱ्या मुलीचा पासपोर्ट पालकांनी बहुधा केव्हाच काढलेला असतो. तबलावादकाला मात्र कोणी विचारत नाही. मागच्या वेळी आमचे घोडे नेमके येथेच अडले.

युरोपकडे पाहून आपला अंदाज चुकतो. तेथील प्रसारण संस्थांच्या संघाने १९८२ साली मँचेस्टरमध्ये सहा देशांना घेऊन तरुण वादकांची स्पर्धा सुरू केली. ती साधारणपणे दर दोन वर्षांनी भरते आणि तीत उतरायचे की नाही हे त्या त्या देशाची प्रसारण संस्था ठरवते. अंतिम फेरीत साथीला वाद्यवृंद तेथेच उपलब्ध असतो, त्यामुळे देशाने वादक आणि त्याचे वाद्य पाठवले की भागते. आपल्या मुलीचा श्वास ओळखून ठेका धरणारा माणूस यजमान कोठून आणणार? म्हणून आपली प्रवेशिका कागदावर एकीची असली, तरी तबला, संवादिनी आणि स्पर्धक अल्पवयीन असल्यास एक पालक धरून ती चौघांची होते. खर्च याच आकड्यावर मांडावा. एका तिकिटाच्या भरवशावर देणगीदारांकडे जाऊ नये.

आता पासपोर्ट. ‘आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये; तो प्रत्यक्ष मागून घ्यावा, मुदतीची तारीख स्वतः वाचावी आणि कोरी पाने मोजावीत. शेंगेन देशांसाठी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांसाठी, तो परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, मागील दहा वर्षांत दिलेला आणि निदान दोन कोऱ्या पानांचा असावा लागतो. अल्पवयीनांचा पासपोर्ट सामान्यतः पाचच वर्षांचा असतो, तेव्हा मुलीचाही एकदा पाहावा. आपला जिल्हा पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो आणि पोलीस पडताळणीला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही आणि पंधरा दिवसांपेक्षा उशिरा चालत नाही. त्यासोबत ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला सहसा प्रत्येकाला जातीने जावे लागते, म्हणजे साथीदाराचाही कार्यक्रमांचा एक दिवस मोडतो; हे त्याला आधीच सांगावे. राखीव तबलावादक ठरवणार असाल, तर त्याचाही पासपोर्ट त्याच बैठकीत पाहावा. हे न करता प्रवेशिका भरू नये.

वय कोणत्या तारखेला मोजणार, हे नियमांत शोधावे. स्पर्धा फेब्रुवारी-मार्चमध्ये असेल आणि मूल दहावी-बारावीत असेल, तर पुढची चर्चाच करू नये. २०२० साली झाग्रेबमध्ये ठरलेली ती युरोपीय स्पर्धा करोनामुळे आधी लांबली आणि अखेर रद्द झाली. म्हणून परतावा न मिळणारी तिकिटे स्वस्त दिसली तरी घेऊ नयेत.

वेळेच्या मर्यादेबाबत गुरुजींशी स्पष्ट बोलावे लागते, आणि ते अवघड असते. दहा-बारा मिनिटे मिळणार असतील आणि विलंबित म्हणजे संथ लयीतील एकतालाचे एकेक आवर्तन (बारा मात्रांचा एक फेरा) मिनिटभर चालणार असेल, तर बढतीला, म्हणजे राग टप्प्याटप्प्याने फुलवायला, जागाच उरत नाही. मध्यलयीतील बंदिश घ्यावी, हे माझे ठाम मत आहे. घरी घड्याळ लावून तबल्यासह गाऊन घ्यावे, आणि तेही सोबत येणाऱ्याच तबलावादकासह. (त्याचा पासपोर्ट पाहिला ना?)

वाद्यांचे पाहू. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून आणलेला मोठ्या भोपळ्याचा तानपुरा विमानाच्या सामानात टाकण्याचे धाडस मी करणार नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालेल का, हे संयोजकांकडून लेखी घ्यावे. मुलगी काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या स्वरात) गात असेल, तर त्या स्वराचे दोन तबले न्यावेत, कारण हवा बदलली की पुडीचा, म्हणजे तबल्यावरील चामड्याचा, स्वर हलतो आणि ऐन वेळी बाजूचे लाकडी गट्टे हातोडीने ठोकून सगळेच सावरता येत नाही. हातोडी मात्र चेक-इनच्या सामानात ठेवावी. हातातील पिशवीत असली तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतात, आणि परक्या गावात तबला सुरात लावायला दुसरी हातोडी सहजी सापडत नाही.

कपडे, औषधे, खाऊ हे पालक पाहतातच. पालकांचे संमतिपत्र नोटरी करून घ्यावे, सर्व कागदांच्या प्रती दोन वेगवेगळ्या जणांकडे ठेवाव्यात, पोहोचल्यावर एक दिवस विश्रांतीचा धरावा. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी साथीदाराला फोन करून पासपोर्ट बॅगेत ठेवल्याचे त्याच्याच तोंडून ऐकावे.