आउटफिल्डरची ट्रेडमधली किंमत कशी काढावी: मार्लिन्सच्या तिघांचा हिशेब

२०१७च्या मोसमात अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या मायामी मार्लिन्स संघाच्या आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात, लेफ्टला मार्सेल ओझूना, सेंटरला क्रिश्चन येलिच आणि राइटला जियानकार्लो स्टँटन खेळत होते. तिघेही ऐन भरात होते, तरी संघाने ७७ सामने जिंकले आणि ८५ हरले. त्याच सुमारास संघाची मालकी बदलली, पगारखर्च कापायचं ठरलं आणि जानेवारी २०१८ संपेपर्यंत तिघे तीन वेगळ्या संघांत गेले. स्टँटन त्या वर्षीचा नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, ५९ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारलेला. त्याच्या बदल्यात सगळ्यांत कमी मिळालं. येलिचचे होमरन तिघांत सर्वांत कमी, फक्त १८; पण मागणी सगळ्यांत वजनदार करता आली ती त्याच्यासाठीच. हे उलटं वाटणारं गणित सोडवता आलं, की कोणत्याही संघाच्या आउटफिल्डरांची ट्रेडमधली किंमत काढता येते.

आयपीएलच्या लिलावात संघ खेळाडूची किंमत स्वतः ठरवतो. मेजर लीगच्या ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीत, खेळाडू येतो तो आधीच झालेल्या करारासकट. म्हणून मोजायची ती शिल्लक: उरलेल्या वर्षांत तो जेवढा खेळ देईल त्याची बाजारातली किंमत, वजा त्या वर्षांत त्याला द्यायचा पगार. खेळाडू किती चांगला आहे हा त्या वजाबाकीचा अर्धाच भाग आहे.

आधी करार, मग बॅट

बहुतेक जण सुरुवात आकडेवारीने करतात. सुरुवात कराराच्या कागदाने करा. प्रत्येक आउटफिल्डरपुढे वय, सर्व्हिस टाइम (मेजर लीगमध्ये काढलेला काळ), फ्री एजंट (कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा) होण्याचं वर्ष, दर वर्षाचा पगार, ऑप्ट-आउट (करार मध्येच सोडण्याचा खेळाडूचा हक्क) आणि नो-ट्रेड क्लॉज (ट्रेड नाकारण्याचा हक्क) लिहून काढा.

सर्व्हिस टाइम ३.०४५ असा लिहिलेला दिसेल. त्याचा अर्थ ३ वर्षं आणि ४५ दिवस. दशांश समजून वाचू नका. मोसम साधारण १८७ दिवसांचा असतो आणि त्यातले १७२ दिवस मेजर लीगच्या यादीत भरले की एक वर्ष धरतात. पहिली तीन वर्षं पगार किमान वेतनाच्या आसपास असतो (२०२५ साली ७ लाख ६० हजार डॉलर), पुढची तीन वर्षं तो आर्बिट्रेशनने (संघ आणि खेळाडूचं जमलं नाही तर लवादाकडून) ठरतो आणि सहा वर्षं पूर्ण झाली की खेळाडू मोकळा होतो. दोन ते तीन वर्षांच्या गटात ज्यांचे दिवस सर्वांत जास्त, त्या वरच्या २२ टक्क्यांना ‘सुपर टू’ म्हणून एक आर्बिट्रेशन जास्त मिळतं. ताब्याची वर्षं, म्हणजे खेळाडू संघाकडे राहतो तो काळ, तीच राहतात, पण एक स्वस्त वर्ष महाग होतं.

आउटफिल्डरच्या बाबतीत आर्बिट्रेशनची एक खोड ध्यानात ठेवावी लागते. तिथे अजूनही होमरन आणि आरबीआय (बॅटरच्या फटक्यावर संघाला मिळालेले रन) या जुन्या आकड्यांना भाव आहे. सारख्याच उपयोगाचे दोन खेळाडू घ्या, एक ३५ होमरन मारणारा लेफ्ट फिल्डर आणि दुसरा हातमोज्याच्या जोरावर संघात असलेला सेंटर फिल्डर. पहिल्याचा पगार बराच जास्त चढतो, म्हणून शिल्लक दुसऱ्याची जास्त उरते. ओझूनाने २०१७मध्ये .३१२ बॅटिंग सरासरी, ३७ होमरन आणि १२४ आरबीआय केले होते. २०१७चा त्याचा ३५ लाख डॉलर पगार पुढच्याच वर्षी ९० लाखांवर गेला.

पुढे तो किती देईल

खेळ मोजायला वॉर वापरा: सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत हा किती विजय जास्त देतो, हे सांगणारा आकडा. साधारण १० रन म्हणजे एक विजय, आणि पूर्ण मोसम खेळणारा सरासरी खेळाडू २ वॉरच्या आसपास असतो. एकाच मोसमावर भरवसा ठेवू नका. मागच्या तीन मोसमांना ५, ४, ३ असं वजन द्या. समजा गेल्या वर्षी ४, त्याआधी २ आणि त्याआधी ३ वॉर असेल, तर (५×४ + ४×२ + ३×३) ÷ १२, म्हणजे ३.१. हा आकडा जरासा २ कडे ओढा, कारण टोकाचे मोसम सहसा टिकत नाहीत. तिशीपर्यंत आकडा जवळपास स्थिर धरा, त्यानंतर दर वर्षी अर्धा वॉर कमी करा.

बॅटिंगसाठी डब्ल्यूआरसी प्लस (बॅटरने मिळवून दिलेल्या रनांचं माप) पाहा. त्यात मैदानाचा फरक काढून टाकलेला असतो आणि १०० म्हणजे सरासरी. मार्लिन्सचं मैदान त्या काळी होमरनला जड होतं. नुसते होमरन मोजणाऱ्याने येलिचला कमी लेखलं असतं. जोडीला ताशी ९५ मैल किंवा त्याहून वेगाने मारलेल्या चेंडूंचं प्रमाण, वॉक (चार खराब चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस) आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) तपासा. हे आकडे तसेच राहून फक्त बॅटिंग सरासरी घसरली असेल, तर घेणाऱ्याची ती संधी आहे. डावखुऱ्या बॅटरचे डावखुऱ्या पिचरविरुद्धचे (चेंडू टाकणाऱ्याविरुद्धचे) आकडे मात्र एका वर्षाचे घेऊ नका. तिथे मोसमाला जेमतेम दीडशेच्या आसपास संधी मिळतात; कारकिर्दीचे घ्या.

आता जागा. आउटफिल्डची किंमत इथेच चुकते. वॉरमध्ये जागेनुसार रन मिळतात किंवा कापले जातात: पूर्ण मोसमाला सेंटर फिल्डसाठी +२.५, लेफ्ट आणि राइटसाठी −७.५, डीएचसाठी (फिल्डिंग न करता फक्त बॅटिंग करणारा) −१७.५. सेंटर आणि कोपरा (लेफ्ट किंवा राइट) यांत १० रनांचा, म्हणजे एका विजयाचा फरक आहे. हे वाचून अनेक जण सेंटर फिल्डरला कोपऱ्यात हलवताना त्याचा एक वॉर कापून मोकळे होतात. ही दुहेरी वजावट झाली. फिल्डिंगचा आकडा त्या त्या जागेच्या सरासरी खेळाडूशी तुलना करून काढलेला असतो. सेंटरला बरोबर सरासरी असलेला खेळाडू लेफ्टला गेला की संथ लोकांशी तोलला जातो आणि साधारण +८ ते +१० रनांचा ठरतो. म्हणजे एकूण किंमत फारशी हलत नाही. नुकसान होतं ते पुढच्या बाजूला: सेंटरला खेळण्याची क्षमताच गेली, की त्याची गरज असणारे संघ ग्राहकांच्या यादीतून गळतात.

ती क्षमता कधी जाईल याचा अंदाज धावण्याच्या वेगावरून बांधता येतो. मेजर लीगची सरासरी सेकंदाला २७ फूट आहे, ३० म्हणजे अव्वल. वय २८ आणि वेग २७ च्या खाली सरकत असेल, तर उरलेली वर्षं कोपऱ्यातली धरा, मग आज तो सेंटरला कितीही चांगला दिसो. फिल्डिंगसाठी आउट्स अबव्ह ॲव्हरेज (सरासरी फिल्डरपेक्षा किती बाद जास्त केले) हा आकडा चांगला आहे, पण तीन वर्षांचा एकत्र घ्यावा. आउटफिल्डरकडे येणारे बहुसंख्य झेल कुणीही घेईल असे असतात. फरक पाडणारे अवघड झेल एका मोसमात मोजकेच येतात आणि तीन-चार झेलांनी आकडा पार फिरतो. फेक राइट फिल्डरसाठी महत्त्वाची, तरी तिचा फरक सहसा मोसमाला काही रनांचाच. तिच्यावर मोठी किंमत चढवू नका.

तिघांची वजाबाकी

फ्री एजंट बाजारात एका वॉरला किती मोजावे लागतात, याचा इथे ८० लाख डॉलर असा गोल दर धरू. भाव दर वर्षी वाढतो, उलट पुढच्या वर्षांतल्या खेळाला आज कमी मोल असतं. दोन्ही एकमेकांना बरंचसं खाऊन टाकतात, म्हणून पहिल्या हिशेबात दर स्थिर ठेवला तरी चालतं.

येलिच, वय २६. करार २०२१ पर्यंत आणि २०२२ साठी १.५ कोटी डॉलरचा क्लब ऑप्शन (करार एक वर्ष वाढवण्याचा संघाचा हक्क); पाच वर्षांचे मिळून ५.८२५ कोटी. वॉर ४, ४, ४, ३.५, ३.५, बेरीज १९. बाजारभाव १५.२ कोटी. शिल्लक सुमारे ९.४ कोटी डॉलर.

ओझूना, वय २७. ताब्यात फक्त दोन वर्षं, दोन्ही आर्बिट्रेशनची. २०१७ जोरदार, त्याआधीची दोन वर्षं साधारण, म्हणून ३.५ वॉर दर वर्षी. बेरीज ७, बाजारभाव ५.६ कोटी. पगाराचा अंदाज २.४ कोटी (प्रत्यक्षात २.१२५ लागले). शिल्लक सुमारे ३.२ कोटी.

स्टँटन, वय २८. दहा वर्षांचे २९.५ कोटी डॉलर द्यायचे होते. दुखापतींचा इतिहास पाहता ५ पासून सुरुवात: ५, ५, ४.५, ४, ३.५, ३, २.५, २, १.५, १. बेरीज ३२, बाजारभाव २५.६ कोटी. शिल्लक उणे ३.९ कोटी. शिवाय २०२० नंतर ऑप्ट-आउटचा हक्क त्याच्याकडे होता. तीन वर्षं तो गाजला तर निघून जाणार, पडला तर राहणार. म्हणजे नशिबाची चांगली बाजू खेळाडूची आणि वाईट बाजू संघाची. असा क्लॉज दिसला की हिशेबातून आणखी काहीतरी कापलंच पाहिजे.

प्रत्यक्ष सौदे याच्या जवळपास गेले. यँकीजनी स्टँटनसाठी स्टार्लिन कॅस्ट्रो, होर्गे गुझमान आणि होसे डेव्हर्स दिले. मार्लिन्सनी, तो ऑप्ट-आउट न करता राहिला तर, वर ३ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. ओझूनासाठी कार्डिनल्सकडून सँडी अल्कांटारा, झॅक गॅलन, मॅग्नुरिस सिएरा आणि डॅनियल कास्तानो आले. येलिचसाठी ब्रुअर्सनी लुईस ब्रिन्सन, मॉन्टे हॅरिसन, इसान डियाझ आणि जॉर्डन यामामोटो हे चौघे दिले. त्यात ब्रिन्सन हा त्यांच्या सर्वांत वरच्या तरुण खेळाडूंपैकी.

बदल्यात काय मागायचं

तरुण खेळाडूंना स्काउट (खेळाडू हेरणारे) २० ते ८० च्या मापावर गुण देतात. ५० म्हणजे पुढे मेजर लीगचा सरासरी नियमित खेळाडू होईल असा. ठोकताळा म्हणून ५० गुणांचा बॅटर २.५ ते ३ कोटी डॉलरचा धरा, त्याच गुणांचा पिचर त्याहून कमी, कारण पिचरांचे खांदे आणि कोपर दगा देतात. येलिचच्या ९.४ कोटींना असे तीन चांगले बॅटर किंवा एक वरच्या दर्जाचा आणि दोन-तीन मधले, अशी मागणी बसते.

मात्र ही किंमत सरासरीची आहे, हमी नव्हे. ब्रिन्सनची २०१८ची बॅटिंग सरासरी .१९९ राहिली आणि येलिच त्याच वर्षी ब्रुअर्सकडून एमव्हीपी झाला. उलट ओझूनाच्या लहान सौद्यातला अल्कांटारा २०२२मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन गेला. येलिचच्या ट्रेडला मूर्खपणा म्हणणं सोपं आहे, पण त्या दिवशीच्या माहितीवर किंमत रास्त होती. चूक शोधायचीच तर गाजावाजात शोधावी. पगार कापायचाच आहे हे सगळ्या लीगला ठाऊक झालं, की समोरचा थांबून राहतो.

समोरच्या संघाची गरजही आकड्यात धरा. ब्रुअर्सनी येलिचला आणलं त्याच दिवशी सेंटर फिल्डर लोरेंझो केनशीही करार केला. येलिच त्यांच्याकडे मुख्यतः कोपऱ्यात खेळणार होता, म्हणजे हिशेबही त्याच जागेचा धरायचा.

वेळ, नकार आणि चौथा आउटफिल्डर

ताब्याची वर्षं कमी होतात तशी किंमत किती झपाट्याने उतरते, हे हुआन सोटो या आउटफिल्डरच्या दोन ट्रेडमध्ये दिसतं. ऑगस्ट २०२२मध्ये चालू मोसम धरून त्याच्यावर तीन मोसमांचा ताबा उरला होता. जोश बेलसह त्याला पाद्रेजकडे पाठवून नॅशनल्सनी सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वूड, रॉबर्ट हॅसल, हार्लिन सुसाना आणि लूक व्हॉइट मिळवले. डिसेंबर २०२३मध्ये एकच वर्ष उरलं होतं, तेही पुढे ३.१ कोटी डॉलरचं ठरलं. पाद्रेजना ट्रेंट ग्रिशमसह त्याला देऊन मायकल किंग, ड्रू थॉर्प आणि आणखी तिघांवर थांबावं लागलं.

जुलैअखेरीस ट्रेडची मुदत संपते तेव्हा साधारण एक तृतीयांश मोसम उरतो. करार संपत आलेल्या ४ वॉरच्या आउटफिल्डरकडून तुम्हाला १.३ वॉर मिळेल, तेवढंच मोजा; पगारही उरलेलाच धरा. मोसमाच्या मध्यात आलेल्या खेळाडूला नवा संघ क्वालिफायिंग ऑफर (करार संपताना पुढच्या एका वर्षाचा ठरावीक पगाराचा प्रस्ताव) देऊ शकत नाही, म्हणजे तो गेल्यावर ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) मिळणारी भरपाईही गेली. विकणाऱ्याला ती मिळणार होती, म्हणून त्याची किमान मागणी तिथून सुरू होते.

नकाराचा हक्क तपासल्याशिवाय कोणताही आकडा पक्का धरू नका. स्टँटनकडे पूर्ण नो-ट्रेड क्लॉज होता. जायंट्स आणि कार्डिनल्स दोघांनाही त्याने नकार दिला आणि मार्लिन्सच्या हातात मोजके ग्राहक उरले. क्लॉज नसला तरी दहा वर्षं मेजर लीगमध्ये आणि त्यातली शेवटची सलग पाच त्याच संघात झालेला खेळाडू ट्रेड नाकारू शकतो. हा हक्क मोसमाच्या मध्यातही लागू होतो, म्हणून तारीख मोजून ठेवा.

राहिला चौथा आउटफिल्डर. त्याची शिल्लक बहुधा शून्याच्या आसपास असते आणि किंमत ठरते ऑप्शनवर, म्हणजे त्याला खालच्या स्तरावरच्या मायनर लीगमध्ये अडथळ्याविना पाठवण्याच्या सोयीवर. तीन मोसमांचे ऑप्शन संपले, की त्याला मायनर लीगमध्ये पाठवताना वेव्हरमधून जावं लागतं आणि तिथे कुणीही उचलू शकतं. मार्चच्या अखेरीस २६ जणांची यादी भरत आली की इतर संघ ट्रेड न करता वाट पाहतात. अशा खेळाडूचं काही मिळवायचं असेल, तर बोलणी फेब्रुवारीत करा, तेव्हा एखाद्या संघातला कुणीतरी जखमी होतो आणि जागा रिकामी असते.