कारखान्यांची यादी नमुना निवडीसाठी देण्यापूर्वी

वार्षिक उद्योग पाहणीसाठी जिल्ह्यातील कारखान्यांची यादी अद्ययावत करण्याचे काम ज्यांच्याकडे पहिल्यांदाच आले आहे, त्यांच्यासाठी ही तयारी लिहीत आहे. हे काम माझ्या हातून एकदा चुकले. एका औद्योगिक वसाहतीतील ओतकामाच्या कारखान्याला पाठवलेले नोंदणीकृत पत्र परत आले. पाकिटावर पोस्टमनने निळ्या शाईत 'सोडून गेले' एवढेच लिहिले होते. त्या शेऱ्यावर विसंबून मी त्या कारखान्यापुढे 'बंद' अशी नोंद केली. त्याच आठवड्यात परवान्यांच्या यादीतून आलेले एक नवे नाव 'नवीन नोंदणी' म्हणून मीच चढवले. प्रत्यक्षात भट्टी तीच होती, यंत्रे तीच होती, सुमारे 200 कामगारही तेच होते. मालकी बदलून कंपनीचे नाव बदलले होते आणि कार्यालयाचे दार शेजारच्या भूखंडाच्या बाजूने काढले होते, इतकेच. जिल्ह्याच्या तक्त्यात मात्र एक जुना कारखाना मेला आणि एक नवा जन्मला. नव्या परवान्यावर सुरुवातीला कमी कामगार दाखवलेले असल्यामुळे, दरवर्षी हमखास मोजला जाणारा कारखाना नमुना विभागात, म्हणजे ज्यातले काहीच कारखाने निवडून मोजतात त्या गटात गेला आणि त्या वर्षी निवडलाच गेला नाही. म्हणून पहिल्याच परिच्छेदात सांगतो: टपाल परत आले म्हणजे कारखाना बंद पडला असे होत नाही.

सुरुवात याद्या गोळा करण्यापासून करावी. ही पाहणी आज सांख्यिकी संकलन अधिनियम, 2008 अन्वये होते, आणि तिचा पाया आजवर कारखाने अधिनियम, 1948 खालील नोंदणी हाच राहिला आहे: वीज वापरणारे आणि 10 किंवा अधिक कामगार असलेले, तसेच वीज न वापरणारे आणि 20 किंवा अधिक कामगार असलेले कारखाने. महाराष्ट्रात ही यादी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून मिळते. विडी आणि सिगारचे कारखाने नोव्हेंबर 2025 पर्यंत 1966 च्या स्वतंत्र कायद्याखाली येत असत, त्यामुळे सिन्नर, सोलापूर किंवा गोंदिया भागात काम असेल तर ती यादी वेगळी मागवावी लागते. या दोन्हींत न सापडणारे, पण राज्याच्या आस्थापना नोंदवहीत 100 किंवा अधिक कर्मचारी दाखवणारे उत्पादन घटक तिसऱ्या यादीतून येतात. ही तिसरी यादी अनेक कायद्यांखालच्या नोंदण्या एकत्र करून बनवलेली असते, त्यामुळे ती सर्वांत शेवटी आणि सर्वांत जास्त सावधगिरीने जोडावी. संरक्षण आस्थापना, तेलसाठ्याचे डेपो, हॉटेले, तंत्रशिक्षण संस्था या पाहणीच्या बाहेर असतात. त्यांची नावे दिसली तर बाजूला काढावीत.

कामगारसंख्येच्या उंबरठ्याबद्दल मात्र थोडे थांबून वाचावे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 मध्ये कारखान्याची मर्यादा 10 ऐवजी 20 आणि 20 ऐवजी 40 अशी आहे, आणि ही संहिता वरच्या दोन्ही कायद्यांच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. त्यामुळे बारा-पंधरा कामगारांचे कितीतरी घटक पुढे परवान्यांच्या यादीत दिसेनासे होऊ शकतात. ते उद्याही तितकाच माल काढतील, तितकेच पगार देतील. नाव यादीतून गेले तर ते 'कक्षेबाहेर' गेले असे लिहावे. 'बंद' लिहू नये. या दोन नोंदींमध्ये फरक आहे आणि तो तक्ता वाचणाऱ्याला पुढे कधीच कळू शकत नाही, कारण त्याच्यापर्यंत फक्त आकडा पोहोचतो. कायद्याने केलेला बदल आणि उद्योगाची झालेली पीछेहाट यांची गल्लत आपल्या टेबलावरच थांबवायला हवी.

त्यानंतर जुळवणी. केवळ नावावर जुळवणी करू नये. 'इंजिनिअरिंग वर्क्स', 'एंटरप्रायझेस' आणि 'इंडस्ट्रीज' ही शेपटे बदलून एकच कारखाना तीनदा येतो. भूखंड क्रमांक, वीज ग्राहक क्रमांक आणि पॅन या तीन गोष्टी शेजारी मांडाव्यात. वस्तू व सेवा कराच्या पंधरा अक्षरी क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27 आणि गोव्याचे 30, आणि पुढची दहा अक्षरे पॅनचीच असतात. त्यामुळे तो क्रमांक मिळाला की पॅन वेगळा मागण्याची गरज उरत नाही. पण एका राज्यात एकाच क्रमांकावर चार कारखाने चालू शकतात, म्हणून हा क्रमांक कारखाना ओळखण्यासाठी पुरेसा नाही. तो फक्त मालक ओळखतो. कंपनीच्या एकवीस अक्षरी ओळख क्रमांकाचेही तसेच आहे. त्यातील राज्याची दोन अक्षरे नोंदणीकृत कार्यालय कुठे आहे ते सांगतात. भट्टी कुठे आहे ते सांगत नाहीत. कार्यालय नरीमन पॉइंटला आणि कारखाना चाकणला हे रोजचे चित्र आहे. आपल्याला मोजायचा असतो तो एका जागेवर चालणारा कारखाना, आणि करविभाग व कंपनी निबंधक यांच्या याद्या मालकांच्या असतात, ही खूणगाठ बांधून मगच या याद्यांना हात लावावा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 74 व्या फेरीत सेवा क्षेत्रासाठी कंपन्यांच्या यादीतून नमुना काढला, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक कंपन्या एकतर सापडल्या नाहीत किंवा भलत्याच वर्गात निघाल्या. कागदावर जिवंत असणे आणि जागेवर जिवंत असणे या दोन बाबी वेगळ्या आहेत, आणि याची उलट बाजूही तितकीच खरी आहे.

ती उलट बाजू म्हणजेच माझी चूक, म्हणून इथे रेंगाळतो. कोणत्याही कारखान्यापुढे 'बंद' लिहिण्यापूर्वी त्या भूखंडावर स्वतः जावे किंवा विश्वासू माणसाला पाठवावे. फोन लागत नाही, मेल परत येतो, पत्र परत येते, परवान्याचे नूतनीकरण झालेले नाही, ही सगळी शंकेची कारणे आहेत, पुरावे नाहीत. फाटकापाशी गेल्यावर आधी फलक वाचावा आणि त्याच्याखाली जुना फलक रंगवून झाकलेला आहे का तेही पाहावे. मी दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा नव्या पत्र्याच्या कडेने जुन्या नावाची शेवटची दोन अक्षरे स्पष्ट दिसत होती, आणि कुंपणाला लागून ओतकामाच्या साच्यांसाठी वापरलेल्या वाळूचा ताजा, काळा ढीग होता. बंद पडलेल्या ओतशाळेबाहेर ताजी वाळू पडत नाही. सुरक्षारक्षकाला विचारावे, समोरच्या चहाच्या टपरीवर विचारावे, शेजारच्या भूखंडावरच्या सुपरवायझरला विचारावे. 'इथे आधी कोण होते आणि ते लोक आता कुठे काम करतात' हा एकच प्रश्न पुरतो. कामगार तेच असतील तर कारखाना तोच आहे. मग नवा अनुक्रमांक द्यायचा नसतो. जुना अनुक्रमांक कायम ठेवून नाव बदलायचे असते. पुन्हा लिहितो, कारण हेच राहून जाते: नाव बदलले तरी अनुक्रमांक बदलत नाही. मालक बदलला तरी बदलत नाही.

भेटीनंतर किमान दोन कागद जोडावेत, परवाना रद्द झाल्याची किंवा परत केल्याची नोंद आणि वीजजोडणी कायमची तोडल्याची नोंद. यांपैकी एकही नसेल तर कारखाना बंद नाही, फक्त आपल्याला सापडलेला नाही. उत्पादन थांबले आहे पण यंत्रे जागेवर आहेत आणि दोन-चार माणसे पगारावर आहेत, अशी स्थिती वेगळी असते आणि तिची नोंदही वेगळी असते. अशा घटकाकडून माहिती घ्यायचीच असते, कारण त्याची स्थिर मालमत्ता आणि कर्जे तशीच उभी असतात. हंगामी उद्योगांत तर जास्तच जपावे. जून महिन्यात साखर कारखान्यावर गेलात तर ऊस टाकायची गव्हाण रिकामी दिसेल, आणि ऑगस्टमध्ये यवतमाळकडच्या जिनिंगच्या आवारात गवत वाढलेले दिसेल. हिशेबाचे वर्ष 31 मार्चला संपते आणि प्रश्न त्या वर्षाबद्दलचा असतो. आपण ज्या दिवशी फाटकापाशी उभे आहोत त्या दिवसाबद्दलचा नसतो.

इतका आग्रह का, तर एका नोंदीचे वजन मोठे असते. समजा एका स्तरात, म्हणजे एका जिल्ह्यातील एका उद्योगगटात, यादीवर 40 कारखाने आहेत आणि त्यांतले 8 नमुन्यात आले. प्रत्येक कारखाना पाच कारखान्यांची बाजू मांडतो. भेटीत दोन खरोखर बंद निघाले, तर चालू असलेले सहा, सहा पंचे तीस, म्हणजे स्तरात सुमारे 30 कारखाने चालू आहेत असा अंदाज निघतो आणि तो योग्य असतो. पण त्या दोघांच्या बदली शेजारचे चालू कारखाने घेतले, तर अंदाज 40 चा होतो आणि बंद पडलेले सगळेच हिशेबातून नाहीसे होतात. म्हणून बदली घेऊ नये, कोणी कितीही सांगितले तरी. आणि चालू कारखाना चुकून 'बंद' लिहिला तर एक नव्हे, पाच कारखाने बुडाले, त्यांच्या कामगारांसह. संघटित वस्तुनिर्माण क्षेत्राचा मूल्यवर्धनाचा अंदाज आणि त्यातून पुढे राज्याच्या उत्पन्नाचा अंदाज अशा नोंदींवर उभा असतो. आणखी एक, जे अनुभवी माणसेही विसरतात: फक्त नमुन्यातले बंद कारखाने यादीतून काढून उरलेली यादी तशीच ठेवली, तर पुढच्या नमुन्याचा तोल जातो, कारण तपासलेला भाग स्वच्छ आणि न तपासलेला भाग मृत नावांनी भरलेला राहतो. सफाई करायची तर सगळ्या यादीची करावी.

कर्मचारीसंख्येचा रकाना परवान्यावरून उतरवू नये. परवान्यावर असते ती मंजूर कमाल संख्या, आणि अर्जाच्या दिवशी सोयीने लिहिलेली. कंत्राटी कामगार धरून, मागील वर्षाच्या विवरणपत्रातली किंवा हजेरीवरची सरासरी घ्यावी. 2015-16 पासूनच्या आराखड्यात महाराष्ट्रासारख्या राज्यात 100 किंवा अधिक कर्मचारी असलेला घटक गणना विभागात जातो, म्हणजे दरवर्षी मोजला जातो. 98 आणि 102 यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचे अंतर आहे. माझा ओतकामाचा कारखाना या रकान्यानेही निसटला, हे वर सांगितलेच आहे.

उद्योगाचा संकेतांक ठरवताना परवान्यावरचा 'अभियांत्रिकी कामे' हा शब्द सोडून द्यावा, त्याने काहीच कळत नाही. काय विकले ते विचारावे. लोखंड-पोलाद ओतणारा 2431 मध्ये जातो, दुसऱ्याचे ओतीव भाग घेऊन फक्त यंत्रकाम करून देणारा 2592 मध्ये. यंत्रकाम करणाऱ्याच्या बाबतीत माल स्वतःच्या मालकीचा नसतो, मिळते ती मजुरी. त्याला 2431 मध्ये टाकले तर त्या उद्योगाचे आकडे विकृत होतात. साखर, मद्यार्क आणि वीज एकाच आवारात होत असतील तर ज्याचे मूल्य सर्वांत जास्त त्याचा संकेतांक द्यावा.

बाकीचे थोडक्यात. एकाच मालकाचे, एकाच राज्यातले, एकाच उद्योगगटातले गणना विभागातील कारखाने एकत्रित विवरणपत्र देत असतील तर कोणाकोणाचे एकत्र आहे ते अनुक्रमांकांसह लिहून ठेवावे, नाहीतर तेच कारखाने सुटेही मोजले जातात. नोटीस भोगवटादाराच्या, म्हणजे कारखान्याच्या कारभारावर अंतिम ताबा असलेल्याच्या नावे आणि कारखान्याच्या पत्त्यावर पाठवावी, प्रत मुख्य कार्यालयाला द्यावी. जी माहिती मिळते ती सांख्यिकीसाठीच वापरली जाते आणि कारखान्याची ओळख उघड होत नाही, हे कायद्यातले संरक्षण पहिल्या भेटीतच सांगावे. लेखापाल मग ताळेबंद लवकर काढून देतात. विवरणपत्र भरण्याच्या पोर्टलचे लॉगिन लेखापालाच्या हाती पोहोचले का ते फोनवर विचारावे. यादीच्या जुन्या आवृत्तीवर तारीख घालून ती जपून ठेवावी, पुसू नये.

आणि सही करण्यापूर्वी दोन छापील कागद शेजारी ठेवावेत, एकावर 'बंद' म्हणून काढलेली नावे आणि दुसऱ्यावर 'नवीन' म्हणून चढवलेली. वसाहतीप्रमाणे लावून, भूखंड क्रमांकावर बोट ठेवून, ओळ न ओळ ताडून पाहावी. एकाच गल्लीत एक बंद आणि एक नवीन दिसला, आणि उद्योग एकच असला, तर दोन्ही नोंदी थांबवाव्यात आणि गाडी काढावी. बंदच्या कागदावर ज्या नावापुढे प्रत्यक्ष भेटीची तारीख नाही, ते नाव त्याच दिवशी परत मूळ यादीत न्यावे.