अवयवदानात आयसीयूच्या नर्सचं काम विचारायच्या आधीच सुरू होतं

डोक्याला जबर मार लागलेला पेशंट, व्हेंटिलेटरवर. रात्री दोनला युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, रिकामी केली आणि तीनला बघते तर साडेचारशे एमएल, अगदी पाण्यासारखं, रंगच नाही. त्याआधी सक्शन करताना, म्हणजे श्वासनळीतला कफ ओढून काढताना, कॅथेटर आतपर्यंत गेला तरी खोकला आला नव्हता, टॉर्च मारला तर दोन्ही प्युपिल (डोळ्यांच्या बाहुल्या) मोठी आणि ढिम्म. मी तेव्हा नवीन होते, आकडा चार्टवर लिहिला आणि सकाळी राउंडला सांगू म्हणून थांबले. सकाळपर्यंत रक्तातलं सोडियम फार चढून १६८, बीपी पडलेलं, आणि घरच्यांनी स्वतःहून अवयवदानाचं विचारलं तोपर्यंत हार्ट थांबून गेलं होतं. डोळे तेवढे देता आले.

तेव्हापासून ज्युनिअर मुलींना मी हेच सांगते की दान कितीतरी वेळा विचारायच्या आधीच हातातून जातं, न कळवलेल्या आकड्यामुळे नाहीतर चुकून बोललेल्या एका शब्दामुळे, आणि या दोन्ही गोष्टी बेडजवळ उभ्या असलेल्या नर्सच्या हातात असतात.

तर पहिलं, कळवायचं कधी. मेंदूला गंभीर इजा झालेला पेशंट, मग तो अपघात असो, ब्रेन हॅमरेज असो की अरेस्टनंतर ऑक्सिजन न मिळाल्याने असो, व्हेंटिलेटरवर आहे आणि जीसीएस, म्हणजे शुद्धीचा ३ ते १५ मधला स्कोअर, ५ किंवा खाली आलाय, किंवा एकेक रिफ्लेक्स जायला लागलेत, किंवा डॉक्टर आणि घरचे उपचार थांबवायचं बोलतायत, यातलं काहीही दिसलं की डॉक्टरांना सांगून ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला, म्हणजे अवयवदानाची सगळी जुळवाजुळव बघणाऱ्या माणसाला, फोन. नुसतं कळवणं म्हणजे दान मागणं नव्हे हे डोक्यात पक्कं ठेवा, उपचार आहेत तसेच पूर्ण जोराने चालू राहतात आणि उपचार करणारी टीम आणि ट्रान्सप्लांटची टीम कायम वेगळी असते. आणि वय जास्त आहे, शुगर आहे, ताप आहे म्हणून आपणच मनाने पेशंट बाद करू नका, ते ठरवणं आपलं काम नाही.

मग ब्रेन डेथच्या, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबलंय का हे बघायच्या टेस्ट. टेस्ट डॉक्टर करतात पण तयारी सगळी आपली. सिडेशन कधी बंद केलं, शेवटचा डोस किती वाजता गेला, मसल रिलॅक्संट दिलं होतं का, हे चार्टवर वेळेसकट पाहिजे कारण औषधाचा अंमल असताना केलेल्या टेस्टला काही अर्थ नाही. टेंपरेचर ३६ च्या वर, सिस्टोलिक (वरचं बीपी) १०० च्या वर, सोडियम शुगर ठीकठाक. ॲप्निया टेस्ट म्हणजे व्हेंटिलेटर काढल्यावर पेशंट स्वतः श्वास घेतो का ते बघणं, तिच्या आधी किमान १० मिनिटं १०० टक्के ऑक्सिजन आणि एक एबीजी (धमनीतल्या रक्तातले वायू मोजायची तपासणी). व्हेंटिलेटर काढला की ट्यूबमधून बारीक कॅथेटरने ऑक्सिजन चालू ठेवतात, छाती आणि पोट उघडं ठेवायचं आणि नजर तिथेच, श्वासाची बारीकशी हालचाल दिसली तरी लगेच बोलायचं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० एमएमएचजी किंवा सुरुवातीपेक्षा २० ने वर गेला आणि तरी श्वास नाही म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह, ब्रेन डेथच्या बाजूने. मधेच सिस्टोलिक ९० च्या खाली गेलं, सॅच्युरेशन पडत गेलं किंवा रिदम बिघडली तर टेस्ट थांबवून परत व्हेंटिलेटर. टेस्ट किती वेळा, किती तासांच्या अंतराने आणि कोणी करायची याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, आपल्या युनिटचा प्रोटोकॉल पाठ पाहिजे.

आता बोलण्याचं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण चुका इथेच होतात.

घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, हार्ट चालूये, अंग गरम आहे, मग गेला कसं म्हणता. साध्या शब्दात सांगा की हृदयाला ठोके द्यायची सोय हृदयातच असते, ऑक्सिजन मिळतोय तोवर ते काही काळ चालतं, पण श्वास घ्यायचा हुकूम मेंदूच्या देठाकडून येतो आणि ते आता कायमचं बंद झालंय, छाती हलतेय ती मशीन हवा आत ढकलतंय म्हणून. ही काही कालची कल्पना नाही, फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९५९ मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं आणि १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने निकष मांडले, कोणी खोदून विचारलं तर हेही सांगता येतं.

डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केल्यावर ‘लाइफ सपोर्ट’, ‘मशीनवर जगवून ठेवलंय’, ‘ब्रेन डेड आहे पण बाकी स्टेबल आहे’ ही वाक्यं बंद. आपल्याला सवय असते, तोंडातून सहज निघतं, पण समोरची आई त्या ‘स्टेबल’ला धरून बसते. मृत्यू झालाय हे ‘मृत्यू’ याच शब्दात सांगायचं. मी अंग पुसताना, कूस बदलताना नाव घेऊन बोलते, ते आदराने केलेलं असतं आणि घरच्यांनाही बरं वाटतं, पण ‘आज बरे दिसताय’ असलं काही नाही.

आणि हात हलण्याचं आधीच सांगून ठेवा. मेंदू गेला तरी पाठीच्या कण्यातले रिफ्लेक्स राहू शकतात, बोटं हलतात, पाय आखडतो, क्वचित दोन्ही हात उचलून छातीवर येतात. एका बाईंनी माझा हात गच्च धरला, सिस्टर, बघा ना, ह्याने माझं बोट दाबलं. त्या वेळी मी घाईने ‘नाही हो, ते काही नाही’ म्हटलं असतं तर त्यांचा आमच्यावरचा विश्वासच उडाला असता. मी खुर्ची ओढून शेजारी बसले, मला पण हलताना दिसलं म्हटलं, आणि मग ते कण्यातून कसं होतं ते सांगितलं, डॉक्टरांनाही बोलावून परत सांगायला लावलं. त्या खूप वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांना तेवढा वेळ द्यावा लागतो.

मृत्यूची बातमी आणि दानाचा विषय या दोन गोष्टी एका दमात कधीच नाहीत. आधी मृत्यू झाल्याचं कळू दे, पटू दे, रडून होऊ दे, मग ट्रेनिंग घेतलेला कोऑर्डिनेटर डॉक्टरांबरोबर बसून बोलेल, बंद दार, सगळ्यांना खुर्च्या, फोन सायलेंट. घरात ऐकतात कोणाचं, कोण अजून यायचंय, कुठल्या शब्दावर ते बिथरले, हे आपल्याला माहीत असतं, ते बैठकीच्या आधी कोऑर्डिनेटरच्या कानावर घाला. आपण कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या विचारायचं नाही. पण घरच्यांनीच विषय काढला तर टाळूही नका, ‘तुम्ही विचारलंत ते बरं झालं, यातली माहिती असलेल्या माणसाशी मी तुमची गाठ घालून देते’ एवढं पुरे. नाही म्हणाले तर नाही, त्यानंतर आपल्या वागण्यात तसूभरही फरक पडता कामा नये.

होकार आला की बेडजवळचं काम दुप्पट होतं. मेंदू जाताना आधी बीपी आणि पल्स एकदम वर उसळतात आणि मग बीपी कोसळतं, पिट्युटरीचं हार्मोन बंद झाल्याने लघवीचा लोंढा लागतो आणि शरीराला स्वतःचं टेंपरेचर राखता येत नाही. म्हणून बीपी, लघवी आणि टेंपरेचर दर तासाला. लघवी तासाला ४ एमएल प्रति किलोच्या वर गेली की पुढच्या तासाची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना सांगा, त्या हार्मोनच्या जागी व्हॅसोप्रेसिन किंवा डेस्मोप्रेसिन लागेल. सोडियम १५५ च्या खाली ठेवायचं, शुगर १८० च्या खाली, मीन बीपी ६५ च्या आसपास किंवा वर, वॉर्मिंग ब्लँकेट अंग गार पडायच्या आधीच. लंग्जसाठी टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाला आत जाणारी हवा) ६ ते ८ एमएल प्रति किलो, पीप (श्वास सोडल्यावरही लंग्जमध्ये ठेवलेला दाब) ८ ते १०, डोकं ३० अंश वर, सक्शन आणि कूस बदलणं अजिबात सोडायचं नाही. व्हायरल टेस्टचं ब्लड शक्यतो भरपूर फ्लुइड किंवा रक्त चढवायच्या आधी घ्या, नंतर ते पातळ होऊन रिपोर्ट चुकू शकतो, आणि ट्यूबा खूप असतात त्यामुळे लेबल बेडजवळच लावा.

काही देशांत हृदय थांबल्यानंतरचंही अवयवदान होतं. तिथे उपचार थांबवायचा निर्णय दानाच्या विचाराच्या आधी आणि वेगळा झालेला असावा लागतो, हृदय थांबल्यावर बऱ्याच ठिकाणी ५ मिनिटं कोणी हात लावत नाही, मग मृत्यू जाहीर. ठरलेल्या वेळात हृदय थांबलं नाही तर अवयवदान रद्द होतं आणि पेशंट परत आपल्याकडे, तेव्हा शेवटपर्यंत त्याला त्रास होऊ न देणं एवढंच आपलं काम.

टिश्यूचं मात्र आपण फार विसरतो. त्यासाठी ब्रेन डेथ लागत नाही, हृदय थांबून गेलेल्या माणसाचेही कॉर्निया, त्वचा, हाडं, हार्टच्या झडपा देता येतात. डोळ्यांसाठी पापण्या नीट मिटवा, वर ओला गॉझ, डोकं उशीवर थोडं उंच, वरचा पंखा बंद, आणि आय बँकेला लगेच फोन कारण साधारण ६ तासांच्या आत कॉर्निया घेतलेला चांगला. चष्मा होता किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं म्हणून नाही म्हणू नका.

ओटीत न्यायच्या आधी घरच्यांना बेडजवळ हवा तेवढा वेळ द्या, बेडची रेलिंग खाली करा म्हणजे जवळ बसता येतं, पाहिजे असेल तर हाताचा ठसा घेऊन द्या. पोलीस केस असेल तर त्या परवानगीचे कागद आधी हातात पाहिजेत, कारण अवयव काढल्यावर हार्टला साधारण ४ तास मिळतात, लंग्जना ६ च्या आसपास, किडनीला २४ किंवा थोडे जास्त, आणि कागदासाठी थांबलं की थिएटर आणि तिकडच्या पेशंटची तयारी सगळंच अडतं. परत आल्यावर टाके झाकलेले, अंग पुसलेलं, केस विंचरलेले, मगच घरच्यांना बोलवा.

काही दिवसांनी कोऑर्डिनेटरकडून कळतं की किडनी लागली, लिव्हर लागलं, नाव कळत नाही तेवढंच. हे डे शिफ्टला कळतं आणि बोर्डावर लिहून पुसलंही जातं, ज्या मुलीने रात्री तीनला युरोबॅग बघून फोन उचलला होता तिच्यापर्यंत पोचतच नाही. तिला आठवणीने फोन करून सांगा.