जुन्या गोव्यात पाट्या लावताना या चुका टाळा

डिसेंबरात गांधी सर्कलपाशी एक कुटुंब भेटलं, सोलापूरचं, सोबत आजी. बॉम जीझस चर्च बघून झालं, से कॅथेड्रल बघून झालं आणि आता पणजीची बस धरायला उभे होते. आजींनी मोबाईलवरचा एक फोटो पुढे केला, "बाळा, हा अर्धा पडलेला मनोरा कुठंय रे? एवढा शोधला, दिसलाच नाही." सेंट ऑगस्टिन चर्चचा टॉवर तो, टेकडीवर, चालत दहा-एक मिनिटं. मी त्यांना घेऊन गेलो खरा, पण तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की एवढा 1986 पासून जागतिक वारसा यादीत असलेला परिसर, आणि माणसं त्यातलं निम्मंच बघून परत जातात. गावातल्या पोरांना घेऊन आम्ही काही जण स्मारकं दाखवत फिरतो, त्यात पाट्यांच्या ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या त्या लिहितोय. फक्त जुन्या गोव्यापुरतं नाही, तांबडी सुर्लाच्या महादेवाच्या देवळाकडे किंवा कुठल्याही किल्ल्यावर पण हेच लागू.

पहिली चूक, बाण चुकीच्या जागी. पाटी स्मारकाच्या दारात लावतात, पण तिथं पोचलेल्या माणसाला तिची गरजच नसते. जिथं वाट फुटते आणि माणूस थबकून इकडं-तिकडं बघतो, तिथं बाण हवा. त्यावर मीटर लिहू नका, "चालत 10 मिनिटं, शेवटी चढ" असं लिहा, म्हणजे सोबत आजी असेल तर घरचे तिथंच ठरवतील की रिक्षा करायची का. नकाशाचं पण तेच, उत्तर दिशा वरती ठेवायचा हट्ट नको. माणूस ज्या बाजूला तोंड करून उभाय ती बाजू नकाशात वर हवी, नाहीतर लोक मान वाकडी करून बघतात आणि उलट्या दिशेनं चालू पडतात.

नावांचा घोळ तर विचारू नका. एका पाटीवर बॉम जीझस, दुसऱ्यावर बोम जेझू, तिसऱ्यावर नुसतं बॅसिलिका, मग बाहेरच्याला वाटतं या तीन वेगळ्या जागा आहेत. कोंकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं लिहा, पण प्रत्येक भाषेत एकच नाव पक्कं करा आणि शेवटच्या पाटीपर्यंत तेच ठेवा.

आता मजकूर. इथं मला खरंच वाईट वाटतं. "हे राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक आहे, याचं जतन करा" एवढं लिहून कोण काय जतन करणार? ऑगस्टिनच्या टॉवरची गोष्टच बघा. 1602 च्या सुमाराचा, जवळपास 46 मीटर उंच. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारनं तिथला मठ बंद केला, साधू गेले, देखभाल थांबली, आणि 1842 मध्ये चर्चचं छत खाली आलं. 1931 मध्ये दर्शनी भाग आणि टॉवरचा अर्धा भाग कोसळला, त्यातली मोठी घंटा मात्र आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. एवढं चार ओळीत लिहिलं तरी वाचणाऱ्याला कळतं की माणसं निघून गेली की इमारत किती लवकर खचते. पोरांना हे सांगितलं की ती आपोआप भिंतीवर चढायची थांबतात, मी बघितलंय.

बॉम जीझसबद्दल पण असंच. बघणाऱ्याला वाटतं हा तांबडा उघडा दगड म्हणजेच मूळ रूप. पण बाहेरच्या भिंतींना चुन्याचा गिलावा होता, तो 1950 च्या दशकात काढून टाकला. तेव्हापासून चिरा, म्हणजे हा जांभा दगड, थेट पावसात भिजतोय, आणि आपला पाऊस म्हणजे काय ते गोंयकाराला सांगायला नको. चिऱ्यावरनं बोट फिरवलं की तांबडा भुगा हाताला लागतो. म्हणून नुसतं "हात लावू नका" असं दरडावू नका, "हा दगड मऊ आहे, हाताच्या घासण्यानं झिजतो" असं कारण लिहा.

सगळ्यात मोठी चूक, पाटीच भिंतीत ठोकणं. एका जुन्या चॅपेलला कुणीतरी लोखंडी अँगल आणि स्क्रू मारून बोर्ड लावला होता, नाव घेत नाही. तीन पावसाळ्यात लोखंड गंजलं, गंजून फुगलं आणि चिऱ्याला वरपासून खालपर्यंत भेग गेली. त्या भेगेत पाणी, पाण्यात माती, आणि मग पिंपळाचं रोप आलंच. ते रोप हातानं उपटायला जाऊ नका हां, मुळांबरोबर दगड पण बाहेर येतो. दोन पानं असतानाच फोटो काढून पुरातत्त्व खात्याला कळवा. आणि भेग दिसली म्हणून सिमेंट फासू नका, चुना ओल बाहेर जाऊ देतो पण सिमेंट ती आतच कोंडून ठेवतं आणि शेजारचा चिरा कुजतो.

बोर्ड वेगळ्या खांबावर, भिंतीपासून लांब, फोटोच्या मधे येणार नाही असा, थोडा तिरका ठेवा म्हणजे पाणी वाहून जातं आणि लहान पोरांना, व्हीलचेअरवरच्यांना पण वाचता येतं. उन्हात लाल रंग आधी उडतो, म्हणजे "प्रवेश बंद" हे महत्त्वाचं वाक्यच दोन वर्षात गायब. गडद निळ्यावर पांढरं किंवा पांढऱ्यावर काळं बरं पडतं. क्यूआर कोड लावा पण सगळी माहिती त्यातच कोंबू नका, सगळ्यांकडे नेट चालतंच असं नाही.

बागेचं थोडक्यात. हिरवळ छान दिसते, पण स्प्रिंकलरचं पाणी जोत्यावर उडत असेल तर तो चिरा वर्षभर ओला राहतो, ओल वर चढते आणि भिंतीला पांढरा लोणा, म्हणजे क्षाराचा थर, फुटतो. हिरवळ भिंतीपासून थोडी मागे घ्या, पाणी वाहून जायचा पाट साफ ठेवा.

आणि हौसेनं स्वतःच पाटी लावायला निघालेल्या मंडळांनो, आधी परवानगी. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामाला बंदी आहे, त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित, आणि स्मारकाला इजा केली तर कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अर्ज करताना जागेचा फोटो, खांबाचं माप आणि मजकूर तिन्ही जोडा. मजकूर छापायला देण्याआधी कागदावर प्रिंट काढून त्या जागी दोन दिवस धरून उभे राहा, येणाऱ्या अनोळखी माणसाला वाचायला द्या आणि विचारा, "आता कुठं जाणार?" तो योग्य दिशेला निघाला तरच छापा.