घर बदलताय? आधी पेचकस शोधा

धाकट्या बहिणीने खारकर आळीतलं घर विकायला काढलंय आणि आठवड्यात तिसऱ्यांदा फोन करून विचारलंय, "ताई, तुझ्या वेळची यादी आहे का गं कुठे?" यादी नाही. असती तर माझ्या टेबलाच्या खणात ती पितळेची रिकामी डबी पडून राहिली नसती. म्हणून आता लिहिते. तिच्यासाठी, आणि आपल्यातल्या, म्हणजे बेने इस्रायल ज्यूंमधल्या, ज्या कुणाला ठाण्यात घर विकायचं, घ्यायचं असेल त्यांच्यासाठीही.

पहिलं म्हणजे मेझुझा, म्हणजे दाराच्या चौकटीवरची ती छोटी डबी, आत पवित्र वचनं लिहिलेला चामड्याचा तुकडा असलेली. जुन्या घराच्या चौकटीवरचा मेझुझा काढायचा. हे पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे. कंटाळलात तरी वाचा.

आता कागद. आधीच्या मालकांपासूनचे सगळे मूळ करारनामे, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, घरपट्टी, मेंटेनन्सची शेवटची पावती. हे सगळ्यांना माहीत असतं. शेअर सर्टिफिकेट अजून वडिलांच्या नावावर असेल तर मात्र आजच उठा. नॉमिनी म्हणून तुमचं नाव लागलंय म्हणजे तुम्ही मालक झालात, असं नाही. बाकीच्या वारसांच्या सह्या लागतात. आपल्याकडचे वारस कुठे असतात? इस्रायलात: एक लोदला, एक अश्दोदला, एक बेर शेव्हाला. सोसायटी ट्रान्सफरसाठी 'देणगी' मागेल. महापालिका हद्दीत प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. त्यावर कुणी मागितलं तर लेखी मागा म्हणावं, विषय तिथेच संपतो.

तिकडच्या भावंडांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे आमचे दोन महिने गेले. चरईचं घर बाबांनी माझ्या आणि दादाच्या नावावर केलेलं. दादा अश्दोदला. विकणारा इथला रहिवासी असेल आणि किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर घेणारा १ टक्का टीडीएस, म्हणजे आयकराची आगाऊ कपात, कापतो, बास. विकणाऱ्यांतला एक जण परदेशात राहणारा असला की त्याच्या हिश्श्याला हा १ टक्का लागू होत नाही आणि ५० लाखांची सूटही नसते. कपात कितीतरी मोठी होते. म्हणून आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी काढायचा. आधी म्हणजे टोकन घेण्याच्या आधी. त्याला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही.

दादाने कुलमुखत्यारपत्र पाठवलं. ते तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून किंवा अपोस्टिल (तिथल्या सरकारचा शिक्का) करून आणायचं, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत इथला मुद्रांक भरायचा. आमचं अडलं नावावर. करारनाम्यात आयझॅक, इस्रायली पासपोर्टवर यित्झाक, आणि आडनावातला 'कर' तिकडे गेल्यावर गळालेला. बँकेचा माणूस विचारत होता, "मॅडम, हे दोघे सख्खे भाऊ का?" दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी करून घ्या.

आता तारखा. आपल्याकडे लोक सर्वात जास्त इथेच फसतात. पितृपक्षात गिऱ्हाईक टोकन देत नाही. पंधरवडा संपला की घटस्थापनेला एजंटचे फोन सुरू होतात, आणि बऱ्याच वर्षी नेमका त्याच सुमारास आपला नव्याचा सण, म्हणजे आपलं नवं वर्ष, येतो. मग ज्याला त्याला दसऱ्याच्या मुहूर्तावर ताबा हवा असतो. दसरा अश्विन शुद्ध दशमीला आणि आपला योम किप्पूर, म्हणजे उपासाचा दारफाळणीचा सण, हिब्रू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी. दोन्ही महिने एकाच अमावस्येनंतर सुरू झाले की दोन्ही दिवस एकमेकांवर येतात. अधिक महिन्याने गणित हलतं, तेव्हा दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवून बघा. २०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला होता, शनिवारी, आणि दारफाळणीचा सणही त्याच दिवशी. ज्या दिवशी आपण घराची दारं लावून घ्यायची त्याच दिवशी समोरच्याला दाराची किल्ली हवी! मी हसले होते तेव्हा.

शिवाय त्या दहा दिवसांत टेंभी नाक्याची देवी. आपलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, शाआर हाशामाइम, १८७९ पासून तिथलंच. नवरात्रात त्या भागात माणूस मुश्किलीने शिरतो, सामानाचा टेम्पो कुठून शिरणार? नवरात्राच्या आधी हलवा नाहीतर सुक्कोथ, म्हणजे आपला मांडवांचा सण, उरकल्यावर. मधलं काही नाही.

एजंटला पहिल्याच भेटीत सांगायचं, शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी अंधार पडेपर्यंत, घर दाखवणं नाही, सही नाही, पैसे नाहीत. तो म्हणेल, गिऱ्हाईक तर शनिवारीच मोकळं असतं. रविवारीही असतं. आम्ही काही फार कडक पाळणारे नाही, पण शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून ज्यांना 'शनवारतेली' हे नाव पडलं त्यांची आपण नातवंडं. त्यांनी तेलाचं गिऱ्हाईक परत पाठवलं, आपण फ्लॅटचं पाठवू. दलाली २ टक्के मागतील, १ वर आणा.

घर घेताना जाहिरातीतल्या 'पाच मिनिटांच्या अंतरावर' या शब्दांवर विश्वास ठेवू नका. ती पाच मिनिटं रात्री दोन वाजता मोटारीने लागत असतील. शब्बाथला वाहनात बसायचं नसतं, म्हणून शनिवारी सकाळी घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन नव्या घरापासून सिनेगॉगपर्यंत चालून बघा, जमल्यास पावसाळ्यात. घोडबंदर रोडला त्याच पैशांत एक खोली जास्त मिळते, खरं आहे. पण कासारवडवलीहून बाबा टेंभी नाक्यापर्यंत चालत येणार का? नाही येणार. पहिले दोन महिने रिक्षा करतील, मग घरीच बसतील. आमच्या ओळखीच्या तीन घरांत असंच झालंय. मजलाही बघा. शब्बाथला लिफ्ट न वापरणारं कुणी घरात असेल तर चौदाव्या मजल्यावरून खाडी दिसते याचं कौतुक किती दिवस? आम्ही चरईतलं तिसऱ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं घर विकून उथळसरला पहिला मजला घेतला. खाडी दिसत नाही, बाबा मात्र दिसतात रस्त्यावर, शनिवारी सकाळी, टोपी घालून.

ठाणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ६. नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,०००. घर बायकोच्या नावावर घ्या, भांडू नका.

आता मेझुझा. नीट वाचा.

घेणारं कुटुंब आपल्यातलं असेल तर मेझुझा काढायचा नाही, तिथेच ठेवायचा. तसं नसेल तर काढायचा, आणि दुसऱ्या कुणाला सांगून नाही, स्वतःच्या हाताने. किल्ली देण्याच्या आधी. रंगारी, सुतार, नवा मालक यांपैकी कुणीही त्या दाराला हात लावण्याच्या आधी.

आमचा मेझुझा बाबांच्या बाबांकडून आलेला. पितळेची बोटभर डबी, बाहेरच्या सेफ्टी डोअरच्या आत, मुख्य दाराच्या उजव्या चौकटीवर. दर दिवाळीत चौकटीला ऑइल पेंट लागायचा आणि रंगारी डबीवरूनही ब्रश फिरवायचा. शेवटी तपकिरी चौकटीवर एक तपकिरी उंचवटा उरला होता. येता-जाता हात लागायचा, डोळ्यांना दिसायचा नाही. वस्तू सवयीची झाली की यादीत येत नाही. मी पंखे काढले, गीझर काढला, पडद्यांच्या दांड्या काढल्या, अगदी बाथरूममधली साबणाची जाळीसुद्धा काढली. मेझुझा राहिला.

२०२४ च्या त्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी ११ ऑक्टोबरला, दुपारी किल्ली दिली. संध्याकाळी योम किप्पूरचा उपास लागणार म्हणून घाई होती. शनिवारचा दिवस सिनेगॉगमध्ये गेला. रात्री उपास सोडून फोन हातात घेतला तर नव्या मालकीणबाईंचा फोटो आलेला. दाराला झेंडूचं आणि आंब्याच्या पानांचं तोरण, खाली रांगोळी. मी अंगठा पाठवला, 'खूप शुभेच्छा' लिहिलं. दुसऱ्या दिवशी शिळा सण, माणसांची ये-जा. बुधवारपासून सुक्कोथ. गुरुवारी हझान, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे, सहज म्हणाले, "जुन्या घरचा काढून आणलात ना?" मी तो फोटो पुन्हा उघडून मोठा केला. तोरणाचं लोंबणारं टोक दोऱ्याने मेझुझाच्या वरच्या स्क्रूला गुंडाळलेलं होतं. पाच दिवस माझ्या फोनमध्ये होता तो!

धावत गेले. चौकटच नव्हती. दसऱ्याला पूजा केली आणि सोमवारी सुताराने कामाला हात घातला, लोकांचं बरोबरच होतं. सागवानी चौकट जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे गेलेली. सुतार म्हणाला, "ती पत्र्याची डबी का ताई? काढून टाकली, रंधा अडकत होता." खाली डेब्रिजच्या नऊ गोण्या होत्या. मालकीणबाई स्वतः पदर खोचून माझ्याबरोबर बसल्या, त्यांचा मुलगाही. सातव्या गोणीत डबी मिळाली, चेपलेली, मागचा पत्रा उघडलेला. आतलं क्लाफ गेलेलं. महत्त्व डबीला नसतं, क्लाफला, म्हणजे हाताने लिहिलेल्या आतल्या चामड्याच्या तुकड्याला असतं. ते जीर्ण झालं तरी फेकत नाहीत, सिनेगॉगमध्ये देतात आणि पुरतात. आमचं कुठल्या भरावात गेलं कोण जाणे. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा पेचकस शोधा. रंगाचा थर असेल तर आधी ब्लेडने डबीच्या कडेने कापून घ्या, नाहीतर ती वाकते. आतल्या खोल्यांच्या चौकटीही बघा, आजीने कुठे लावला असेल सांगता येत नाही. काढल्यावर क्लाफ एखाद्या जाणत्याला दाखवा, एरवीही सात वर्षांत दोनदा तपासायचं असतं. नव्या घराला विकतच्या शोभेच्या डबीत छापील कागद घालून लावू नका. तिकडून कुणी येत असेल तर हाताने लिहिलेलं क्लाफ मागवा. घर स्वतःचं असेल तर राहायला गेल्यागेल्या लावायचा, आत जाताना उजव्या हाताला, चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या खालच्या टोकाला. चौकट ग्रॅनाइटची असेल तर ड्रिल नको, डबल टेप लावा. न्हाणीघराला लावत नाहीत.

आता माणसं. सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन जुने असतील तेच न्या, नव्या सोसायटीचा वॉचमन आपला मेहुणा पुढे करतो. कोशर कोंबडी, म्हणजे आपल्या धर्मनियमाने कापलेली, कोण आणून देतं, कुठल्या वारी, नव्या पत्त्यावर येईल का, हे शेजाऱ्यांना नाही, सिनेगॉगमध्ये विचारा. हझानांची वेळ आधी घ्या, सणांच्या महिन्यात ते सापडत नाहीत. मलिदा म्हणजे गोड पोह्यांचा आपला आभाराचा विधी. त्याला दहा पुरुष लागतात, बारांना सांगा. सातची वेळ दिली तर दहावा माणूस पावणेनऊला येतो. पोहे भिजत घालू नका, धुऊन निथळू द्या, नाहीतर मलिद्याचा लगदा होतो. खोबरं, साखर, वेलची, मनुका, पाच फळं, सब्जाची डहाळी, गुलाब. सब्जा आदल्या दिवशीच आणा. नंतर जेवणात मटण असेल तर त्याबरोबर दूधदुभतं चालत नाही, केटररला तीनदा सांगा, तूप नाही, दही नाही, लोणी नाही, गोडाला नारळाचं दूध. तो 'हो हो' म्हणेल आणि पुलावावर तूप सोडेल. तिथे कुणालातरी उभं करा.

हलवायच्या दिवशी: दागिने-कागद स्वतःजवळ, शब्बाथचे दिवे आणि किद्दुशचा (शब्बाथच्या प्रार्थनेचा) पेला वेगळ्या पिशवीत, आधी फ्रीज. लेबलं लावा.

नंतर वीजबिल, गॅस, घरपट्टी या सगळ्यांवर नाव बदलणं. आधार. बँक. दूधवाला. पुरे झालं.

किल्ली देण्याआधी रिकाम्या घरातून एक फेरी. नळ बंद, मेन बंद, माळा बघितला, दारामागे बघितलं. मेझुझा काढला? बहिणीबाई, तुझ्या दोन्ही दारांना आहेत, बाहेरच्या आणि देवडीकडच्या. पेचकस माझ्या पर्समध्येच आहे. तारीख ठरली की कळव, आदल्या दिवशी दुपारी येते.