यशाचे स्वतःचे माप कसे ठरवावे

पगाराचा आकडा, पदाचे नाव, घराचा आकार, ओळखणाऱ्यांची संख्या या गोष्टींनी यश मोजले जाते, कारण त्या मोजायला सोप्या असतात आणि परक्या माणसालाही चटकन दिसतात. आपण कोणाच्या अडीअडचणीला उभे राहिलो, हातातले काम किती चोख होत गेले, मनातले बोलावेसे वाटल्यावर मुले आपल्याकडे आली की नाही, हे कोणत्याही कागदावर येत नाही. म्हणून ते हिशेबातूनही सुटते. पैसा आणि प्रतिष्ठा यांना तुच्छ लेखण्याचा उपदेश येथे नाही. ज्याची रोजची भ्रांत मिटलेली नाही त्याला असा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे. पुढे दिलेल्या पद्धतीचा हेतू एवढाच आहे की, आपण ज्यांना मनापासून मोल देतो त्या गोष्टींचाही हिशेब ठेवता यावा आणि मोठे निर्णय घेताना तो समोर असावा. त्यासाठी एक वही आणि गेल्या महिन्यातील वेळेच्या व खर्चाच्या नोंदी पुरेशा आहेत. निवांतपणा मात्र हवा. हे काम दोन बैठकांच्या मधल्या फटीत उरकू नये.

आधी उसने माप वेगळे काढा

वहीच्या पहिल्या पानावर, सध्या आपण ज्या ज्या गोष्टींच्या मागे आहोत त्या सर्व लिहाव्यात: बढती, मोठे घर, एखादी पदवी, मुलांचा अमुक संस्थेत प्रवेश, समाजमाध्यमांवरील अनुयायी, जे असेल ते. लिहिताना भीडभाड ठेवू नये, कारण हे पान कोणाला दाखवायचे नाही. नंतर प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न विचारावा: ही गोष्ट मला मिळाली आणि मिळाल्याचे कोणालाही कधीच कळले नाही, तरी ती मला हवी असेल का? मोठ्या घराबाबत "हो, कारण आईला स्वतंत्र खोली मिळेल" असे उत्तर आले, तर ती ओळ आपली आहे. उत्तर देताना मन अडखळले, किंवा घराऐवजी ते पाहायला आलेल्या नातेवाइकांचे चेहरे डोळ्यांसमोर आले, तर ती ओळ बहुधा उसनी आहे. उसनी ओळ लगेच खोडण्याची गरज नाही. तिच्यावर खूण करून ठेवावी. चारचौघांत मान असावा असे प्रत्येकाला वाटते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही; ही इच्छा आपले निर्णय परस्पर घेऊ लागली की मात्र नुकसान सुरू होते.

तुलनेची ही ओढ किती खोल असते, हे सारा सोल्निक आणि डेव्हिड हेमेनवे या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसते. त्यांनी लोकांपुढे दोन पर्याय ठेवले. पहिल्यात आपले वार्षिक उत्पन्न ५० हजार डॉलर आणि इतरांचे २५ हजार. दुसऱ्यात आपले एक लाख आणि इतरांचे दोन लाख. वस्तूंच्या किमती दोन्हीकडे सारख्याच. सुमारे निम्म्या लोकांनी कमी उत्पन्नाचा पहिला पर्याय निवडला. हाच प्रश्न सुट्टीच्या दिवसांबाबत विचारला, तेव्हा इतरांपेक्षा पुढे राहण्यासाठी स्वतःची सुट्टी कमी करून घ्यायला फारच थोडे जण तयार झाले. मला या पाहणीचा हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. दुसऱ्याकडे किती आहे याने जिथे आपल्याला काडीचा फरक पडत नाही, तिथे आपली खरी आवड असते. शांत झोप, जिवाभावाच्या माणसाबरोबरचा मोकळा वेळ, मन लावून केलेले काम, निरोगी शरीर या गोष्टी बहुतेकांच्या बाबतीत अशाच निघतात. त्यांची यादी त्याच पानावर, खूण केलेल्या ओळींच्या शेजारी करावी.

पैशाला आकडा द्या, पदाला कारण विचारा

"पैसा पुरेसा असला म्हणजे झाले" हे वाक्य आकड्याशिवाय निरुपयोगी आहे, कारण उत्पन्न वाढले की पुरेशाची कल्पनाही गुपचूप पुढे सरकते. म्हणून दोन आकडे लिहावेत. पहिला किमान: आवश्यक खर्च, कर्जाचे हप्ते, अवलंबून असलेल्यांची जबाबदारी, आजारपणासाठी आणि उत्पन्न थांबल्यास काही महिने निभावण्यासाठी बाजूला टाकायची रक्कम, म्हातारपणाची तरतूद. जोपर्यंत हा आकडा गाठलेला नाही, तोपर्यंत कमाईच्या मागे लागणे हेच शहाणपण आहे आणि त्याबद्दल अपराधी वाटण्याचे कारण नाही. दुसरा आकडा कमाल. याचा अर्थ त्यापुढे कमाई करायचीच नाही असा नसून, त्यापुढच्या कमाईसाठी आपण वेळ, झोप किंवा नाती द्यायला तयार नाही, असा आहे. महागाई आणि जबाबदाऱ्या यांनुसार दोन्ही आकडे बदलतील. पण ते शेजाऱ्याने काय घेतले यावरून बदलू नयेत.

या विषयावरील संशोधन अनेकदा अर्धवट सांगितले जाते. डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील उत्तरांच्या आधारे असे दाखवले की, वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलरनंतर रोजच्या भावनिक सुखात उत्पन्नामुळे फारशी भर पडत नाही. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना अशी पातळी आढळली नाही. सुख वाढतच जाताना दिसले. मग काहनेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांच्यासह माहिती पुन्हा तपासली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष मांडला: बहुतेकांचे सुख उत्पन्नाबरोबर वाढते, पण सर्वांत दुःखी असलेल्या गटात ते एका पातळीनंतर थांबते, कारण वियोग, नैराश्य, तुटलेली नाती यांसारख्या दुःखांवर जास्तीच्या पैशाने उतारा पडत नाही. म्हणजे पैशाने सुख मिळत नाही हे सरसकट विधान खोटे आहे. मात्र ही वाढ टक्केवारीच्या हिशेबाने होते: उत्पन्न दुप्पट झाल्यावर जितका फरक पडतो, तितकाच पुढचा फरक पडायला ते पुन्हा दुप्पट व्हावे लागते. वेळेचे तसे नाही. संध्याकाळचा दुसरा तास गेला काय आणि शेवटचा उरलेला तास गेला काय, हे नुकसान सारखे नसते; शेवटचा तास सर्वांत महाग असतो. म्हणून जास्तीच्या कमाईची प्रत्येक संधी आली की तिच्यासमोर तिने घेतलेले खरे तास लिहावेत: प्रवास, घरी येऊन केलेली तयारी, रात्री उशिरा येणारे संदेश, आणि थकव्यामुळे वाया गेलेली सुट्टीची सकाळ, हे सारे धरून.

पदाबाबत विचारायचा प्रश्न वेगळा आहे: मला ती खुर्ची हवी आहे, की खुर्चीबरोबर येणारा निर्णयाचा अधिकार? ब्रिटनमध्ये १९६७ पासून सरकारी कर्मचाऱ्यांवर झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळला होता. पुढे १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की, आपल्या कामावर आपला ताबा किती आहे याचा हृदयविकाराच्या धोक्याशी संबंध आहे. त्यामुळे पदाची ओढ उथळच असते असे मानू नये. तिच्यातून हवा असलेला ताबा कधी पदाशिवायही मागून घेता येतो, तो आधी मागावा.

मापाच्या ओळी लिहा

आता नव्या पानावर आपले माप लिहायचे. पाचाहून अधिक ओळी नकोत. प्रत्येक ओळ कृतीची असावी आणि ती कृती आपल्या हातातली असावी. "चांगला बाप होणे" ही ओळ तपासता येत नाही. "मुलगी बोलायला आली की फोन उलटा ठेवून तिचे बोलणे संपेपर्यंत ऐकणे" ही ओळ आज रात्रीच तपासता येते. "समाजासाठी काहीतरी करणे" याऐवजी कोणासाठी, काय आणि किती वेळा, हे लिहावे.

ओळी सुचत नसतील तर एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या तीन मूलभूत गरजांपासून सुरुवात करावी: स्वायत्तता, कौशल्य आणि आपुलकीची नाती. प्रत्येकीतून किमान एक ओळ यावी. नात्यांच्या ओळीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, आणि त्याला आधार आहे. हार्वर्डमध्ये १९३८ मध्ये सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात २६८ विद्यार्थी होते. बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतील ४५६ मुलांचा स्वतंत्र अभ्यास पुढे त्याला जोडला गेला. सुरुवातीला सगळे पुरुषच होते, ही त्याची मर्यादा आहे. तरीही वयाच्या पन्नाशीत जे आपल्या नात्यांत सर्वाधिक समाधानी होते, ते ऐंशीच्या वयात सर्वांत निरोगी आढळले. हा अंदाज कोलेस्टेरॉलच्या पातळीपेक्षाही चांगला ठरला.

मान्यता, पुरस्कार, नाव यांना या पानावर जागा देऊ नये. ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ ते १८६३ या काळात मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे वाढवून, पिढ्यान्‌पिढ्यांची मोजदाद करून आनुवंशिकतेचे नियम शोधले. त्यांचा निबंध १८६६ मध्ये छापून आला, ते १८८४ मध्ये वारले, आणि त्या कामाचे महत्त्व जगाच्या ध्यानात आले ते १९०० मध्ये. टाळ्यांनीच मोजायचे ठरवले तर मेंडेल यांना अपयशी म्हणावे लागेल, आणि तसे म्हणण्याचे धाडस आज कोणीही करणार नाही. दुसऱ्यांच्या तोंडून येणारा निकाल आपल्या आयुष्यात येईलच असे नाही. रोपे नीट मोजली की नाही, हे मात्र त्याच दिवशी ठरते.

नोंदींशी ताडून पाहा

गेल्या महिन्याच्या वेळेच्या आणि खर्चाच्या नोंदी उघडून प्रत्येक ओळीच्या वाट्याला काय आले ते लिहावे. बहुतेकांना येथे धक्का बसतो. ज्या ओळीला आपण पहिला क्रमांक दिलेला असतो, तिच्या वाट्याला दिवसाचा सर्वांत थकलेला अर्धा तास आलेला असतो. यावर स्वतःला दोष देत बसू नये. एका ओळीसाठी एक ठरावीक वेळ राखून ठेवावी आणि ती परक्या माणसाला दिलेल्या वेळेइतक्याच काटेकोरपणे पाळावी. सगळ्या ओळी एकाच महिन्यात सुधारायला जाऊ नये.

या मापाची खरी कसोटी मोठ्या निर्णयात लागते. समजा, एका शिक्षिकेला मुख्याध्यापकपद देऊ केले आहे. तिच्या पानावर तीन ओळी आहेत: वर्गात मागे पडलेल्या मुलाला तो धडा समजेपर्यंत सोबत करणे, संध्याकाळी आजारी वडिलांजवळ बसणे, आणि दरवर्षी एखादा नवा विषय मुळापासून शिकणे. किमान आकडा तिने गाठलेला आहे, कमाल अजून दूर आहे. पद घेतले तर वडिलांजवळची संध्याकाळ बैठकांमध्ये जाईल आणि वर्ग सुटेल. पण शाळेचे वेळापत्रक तिच्या हाती येईल आणि मागे पडलेल्या सगळ्याच मुलांसाठी रोज एक तास राखता येईल. पाहणाऱ्यांना हा निर्णय सरळ वाटतो, कारण त्यांना पद आणि पगार एवढेच दिसतात. पैशाच्या मोहात पडू नये म्हणून नकार द्यावा, असे सांगणारेही तितकीच घाई करत असतात. पान समोर ठेवले की ती तिसरेच काही करू शकते: एक वर्ग स्वतःकडे ठेवण्याची आणि आठवड्यातील ठरावीक संध्याकाळी मोकळ्या राखण्याची अट घालून ती होकार देऊ शकते. अट मान्य झाली नाही, तर नकार देताना आपण काय राखले हे तिला नेमके ठाऊक असेल, आणि पुढे त्या खुर्चीत दुसरे कोणी बसलेले पाहताना हे ठाऊक असणे फार उपयोगी पडते.

ज्यांच्या आयुष्यावर आपल्या निर्णयांचा परिणाम होतो, त्यांना हे दुसरे पान जरूर दाखवावे. जोडीदाराच्या मापात सुरक्षिततेची ओळ सर्वांत वर असू शकते. त्याला लोभ म्हणू नये, त्यामागे टंचाईत गेलेले बालपण असू शकते. दोघांची पाने शेजारी ठेवून कोणती ओळ कोणाच्या वेळेतून भागते आहे, हे स्पष्ट बोलावे. एकाच्या मापाचा खर्च दुसऱ्याने वर्षानुवर्षे न बोलता सोसावा, हे बरोबर नाही.

घरात मूल येणे, मोठे आजारपण, निवृत्ती किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू झाल्यानंतर माप पुन्हा लिहावे लागते, आणि एरवी वर्षातून एकदा पाहिले तरी चालते. कटू प्रसंगाच्या आठवड्यात मात्र त्याला हात लावू नये, कारण अशा वेळी आपण हरलेल्या गोष्टी तडकाफडकी खोडतो. एखादी ओळ बदलायचीच असेल, तर तिच्याखाली तारीख आणि बदलाचे कारण एका वाक्यात लिहावे. ते कारण लिहिता येत नसेल, तर जुनी ओळ तशीच ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा बसावे.