शंकासुर लावायचाय? पावसाळ्यापूर्वीची तयारी

शंकासुर लावायचा तर आधी तो नीट ओळखा. रोपवाटिकेतून शंकासुर म्हणून आणलेलं रोप पुढे गुलमोहर निघतं आणि गच्चीतल्या कुंडीत वृक्ष वाढवण्याची वेळ येते. दोघंही शेंगावर्गीय, दोघांची पानं बारीक पर्णिकांची, फुलं लाल-केशरी. पण शंकासुर झुडूपच राहतो, साधारण दहा फुटांपर्यंतचा. शक्य असेल तर फूल हातात घेऊन बघा. पाच पाकळ्यांपैकी एक अरुंद, देठाशी नळीसारखी वळलेली. बाकीच्या चार कडेला चुणीदार, लाल रंगाला बहुतेकदा पिवळी किनार. मधून दहा लालबुंद पुंकेसर पाकळ्यांच्या दुप्पट लांब बाहेर आलेले असतात. ही खूण सर्वांत खात्रीची. निव्वळ पिवळ्या फुलांचा शंकासुरही असतो, त्याचेही केसर असेच लांब. फुलं नसतील तर शेंगा पाहा: शंकासुराची चपटी, तीन-चार इंचांची, गुलमोहराची हातभर लांब आणि लाकडासारखी टणक. नुसतं रोप असेल तर पर्णिका बघा. शंकासुराच्या नखाएवढ्या असतात, गुलमोहराच्या त्याहून बारीक. फांद्यांवर विरळ काटे दिसले तर शंका उरत नाही.

जागा ठरवताना तडजोड करू नका. दिवसाला निदान सहा तास ऊन हवंच, सावलीत झाड नुसतं पानं काढत बसतं. जिथे पाणी तुंबतं ती जागा सोडा. कुंडी १६ इंचांची, तळाला भोकं असलेली घ्या. जमिनीत लावणार असाल तर एप्रिल-मेमध्येच दीड-दोन फुटांचा खड्डा खणून तापू द्या, मग पोयटा आणि चांगलं कुजलेलं शेणखत भरा. शेंगावर्गीय असूनही याच्या मुळांवर हवेतलं नत्र साठवणाऱ्या गाठी धरत नाहीत, म्हणून खत द्यावंच लागतं.

बियांची तयारी मात्र मन लावून करा. शेंगा तपकिरी झाल्या की लगेच तोडा. झाडावर राहिल्या तर तडकून पिळवटतात आणि बिया लांब उडतात. बी चपटं, गुळगुळीत आणि फार कठीण असतं, तसंच पेरलं तर महिनोन्‌महिने पडून राहतं. म्हणून काचपेपरवर एका कडेला घासा, आतला फिकट भाग जेमतेम दिसला की थांबा. जास्त घासलं तर आतला अंकुर दुखावतो. मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेल्या बिया लगेच पेरायच्या, न फुगलेल्या पुन्हा थोड्या घासायच्या. पेरा मेच्या उत्तरार्धात, छोट्या पिशव्यांत, अर्धा इंच खोल. उगवायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. रोपं वीतभर झाली की जुलैत, मुळांभोवतीची माती न फोडता, कायमच्या जागी लावा. कुंपणासाठी दोन-तीन फूट अंतर पुरे, एकटं झाड ऐसपैस वाढवायचं तर पाच-सहा फूट. पहिल्या उन्हाळ्यात पाणी चुकवू नका. पुढे हे झाड पाण्याचा ताण छान सोसतं.

छाटणीची धारदार कात्री आणि जाड हातमोजे आधीच आणून ठेवा. फेब्रुवारीत अर्ध्यापर्यंत छाटलं की नवी फूट जोमदार येते आणि फुलं नव्या फुटीच्या टोकाला धरतात. मोठी फुलपाखरं येतील. लांब केसरांवरचे परागकण त्यांच्या पंखांना लागून दुसऱ्या फुलावर पोचतात. म्हणून या झाडावर रासायनिक कीटकनाशक मारू नये असं मला मनापासून वाटतं. पिठ्या ढेकूण दिसलाच तर साबणाच्या पाण्यात कालवलेलं निंबोळी तेल संध्याकाळी फवारा.

घरात लहान मुलं असतील तर बियांबाबत सावध राहा, त्या विषारी आहेत. निसर्गाच्या अभ्यासक आणि चित्रकार मारिया सिबिला मेरियन यांनी १७०५ साली दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामबद्दल लिहिताना नोंदवलं होतं की, तिथल्या गुलाम स्त्रिया गर्भ पाडण्यासाठी या बिया वापरत. तेव्हा कुणी घरगुती औषध म्हणून सुचवलं तरी घेऊ नका, गरोदर बाईने तर मुळीच नाही. सुकलेले तुरे वेळच्या वेळी कापले की बहर लांबतो. पुढच्या वर्षासाठी दोन-चार शेंगा ठेवा आणि त्यांतल्या बिया नाव-तारीख लिहिलेल्या कागदी पाकिटात घालून उंच फळीवर ठेवा.